अज्ञात रोमन कारागीर, मुक्काम पोस्ट आष्टा

आष्ट्याच्या जोतीराम लोहारानं ट्रकच्या पाट्यापासून केलेल्या सात तलवारी एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या आहेत, असं सन सत्त्याहत्तरच्या आरंभी सरकारनं लेखी ठरवलं. शिक्क्यानिशी ठरवलं. त्यावर कुणी काही बोलायची सोय ठेवली नाही.

आता हे विसरून जायचं. असं काही झालेलंच नाही. सन शहात्तरची दिवाळी नुकती उरकली आहे, जोतीराम आपल्या भात्यापुढं बसला आहे, तलवार कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्यासमोर भामाबाई खुरपं घेऊन उभी आहे.

"नवं कर," भामाबाई म्हणाली, "पर आक्षी असंच कर. ह्याची पात डावीकडनं खाल्लीया बग, तशीच खाल्लेली पायजे. टोकाला वाकडं झालंय, तसंच वाकडं पायजे. माज्या हाताला बसलंय त्ये."

आष्ट्याकडं कुणाला नवं खुरपं नको असतं. म्हणजे हवं असतं, पण जुन्यासारखं. दहा-पंधरा वर्षं एकाच हातात राहून खुरप्याला त्या हाताचा स्वभाव लागतो. मग ते पार संपलं, की बाया आणि गडी त्याचा उरलेला तुकडा नमुना म्हणून घेऊन लोहाराकडं येतात, आणि लोहारानं नवं लोखंड त्या तुकड्यासारखं झिजलेलं करून द्यायचं असतं. इतर लोहार थोडीफार कानस मारून वेळ मारून नेत. जोतीराम तसला नव्हता. तो नमुना हातात धरून आधी माणूस ओळखायचा. हा उजव्या हाताचा, हा रागीट, ही बाई दगडावर जास्त घासते, हिच्या बांधाला मुरूम आहे. मग पंधरा वर्षांची झीज अर्ध्या तासात आणायचा. इस्लामपूर ते सांगली या पट्ट्यात नव्या वस्तू त्याच्याइतक्या जुन्या दुसरा कुणी करत नसे.

याचं त्याला कौतुक होतं आणि एक दुखणंही होतं. चाळीस वर्षांत केलेलं एकही काम जगात शिल्लक नव्हतं. कोयता दोन हंगामांत जायचा, विळा चार वर्षांत, कुळवाची फास पाऊसमानावर. सुतारानं केलेला दरवाजा त्याच्या नातवाला दाखवता येतो. गवंड्याची भिंत येताजाता दिसते. लोहाराचं सगळं काम मातीत विरघळतं.

"आष्ट्याच्या रानात निम्मी माती तुमची हाय की," रंगूबाई समजूत घालायची. ही त्याची बायको. त्याच्यासमोर उभी राहून तीस वर्षं घण मारत होती.

"माती दावून काय सांगू लोकास्नी? ह्यो माजा इळा म्हनून?"

"सांगा की. कोन न्हाई म्हनतंय?"

एवढ्यावर ते बोलणं नेहमी थांबायचं. त्या दिवशी ते स्कूटरच्या आवाजानं थांबलं.

स्कूटर सांगलीची होती. तिच्यावर दादासो मगदूम होते. दादासोंची हळदीची आडत, त्यामुळं त्यांच्या अंगाखांद्यावरचं सगळं पिवळं असे. बाह्या पिवळ्या, स्कूटरची सीट पिवळी, खिशातलं पाकीट पिवळं. त्यांनी एक तीन अंकी नाटक लिहिलं होतं, त्याचीही पानं पिवळी. नाव, 'रोमचा शेवटचा सेनापती'. हळद व्यापाऱ्यांच्या हौशी नाट्यमंडळानं त्याआधी ओळीनं नऊ वर्षं मराठी सरदारांची नाटकं केली होती. पण सरदाराला मिशा लागतात, आणि मंडळातल्या निम्म्या नटांच्या मिशा दुसऱ्या अंकात घामानं खाली येत. रोमन लोक मिशा ठेवत नसत असं दादासोंनी कुठंतरी वाचलं आणि नाटक त्याच आठवड्यात लिहून टाकलं.

"जोतीरामबापू, सहा तलवारी पायजेत. रोमन."

"कंच्या गावचं म्हनला?"

"रोम. लांब हाय."

"तिकडं ऊस असतोय का?"

"न्हाई बहुतेक."

"मग तलवारीनं काय करत्यात?"

"लढत्यात की, बापू! लढायचं नाटक हाय. नट म्हनत्यात लाकडाच्या करा. लाकडाचा आवाज निघतोय व्हय? मला खणखणाट पायजे. शेवटच्या रांगंतल्या मानसाच्या कानात दडा बसला पायजे."

दादासोंनी पाकिटातून एक कागद काढला. कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं गुळगुळीत पान होतं. काळ्या कापडावर एक तलवार आडवी ठेवलेली, जेमतेम दोन हात लांब, दोन्ही बाजूंनी धारेची. खाली चार ओळी इंग्रजी मजकूर होता. तो दादासोंनी वाचला नव्हता, कारण तलवार दिसत होती. दिसत असताना वाचायचं कशाला?

"ह्यात हाय तशी. केसाचा फरक नगं."

त्या चार ओळींत असं लिहिलं होतं की, ही तलवार नदीच्या गाळातून उकरून काढलेली आहे आणि एकोणीसशे वर्षांत तिची वाताहत झालेली आहे. जोतीरामला इंग्रजी येत नव्हतं, पण वाताहत त्याला न वाचताच दिसली. धारेला तीन ठिकाणी खांडं. टोक तिरकं उडालेलं. मूठ गायब, नुसती मुठीत जाणारी लोखंडी शेपटी उरलेली. पातंभर देवीच्या व्रणासारखे खड्डे.

"वापरलेली दिसतीया," जोतीराम म्हणाला. "लय वापरलीया."

"मोठी मानसं, बापू. लय लढली ती."

"म्हंजे हाताला बसल्याली हाय."

"व्हय की," दादासो म्हणाले, आणि पान जोतीरामच्या हातात ठेवून, स्कूटरला लाथ मारून निघून गेले. त्यांच्या डोक्यात तिसरा अंक चालला होता.

झालं ते इथं झालं. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं.

*

ट्रकचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, जोतीरामनं सांगली रस्त्यावरच्या गॅरेजमधून आणले. चांगल्या कोयत्याला हेच लोखंड लागतं. विस्तवाचा ताव सोसतं, बुडवलं की पाणी धरतं. तापलेला पाटा त्यानं सांडशीनं ऐरणीवर धरला आणि रंगूबाईनं घण उचलला.

"कुनाच्या हाताला बसल्याली म्हनायची ही?" दोन घावांच्या मधल्या जागेत ती विचारायची.

"शिपायाच्या."

घाव.

"त्यो मेला न्हवं?"

"मेला आसंल."

घाव.

"मग आता कुनाला पायजे?"

"पोराला पायजे आसंल त्याच्या. बापाच्या हातातली म्हनून."

रंगूबाईला हे पटलं. तिनं पुढचे घाव जरा हळू मारले.

घण पडायच्या आधी, पहिल्या दिवशी तर जोतीरामनं काही केलंच नव्हतं. चित्र गुडघ्यावर ठेवून नुसता बघत बसला. दुपारी म्हणाला, "डावरा हुता." संध्याकाळी म्हणाला, "आळशीबी हुता. येकाच अंगाला धार लावलीया, दुसऱ्या अंगाला कट्टाळा केलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता त्याला कळलं की, खालचं खांड वार अडवताना पडलेलं नाही. त्या माणसानं तलवारीनं सरपण फोडलेलं आहे. "थंडीचा मुलूख दिसतोय," तो म्हणाला. आळशी का होईना, थंडीत कुडकुडणारा एक माणूस त्याच्या ओळखीचा झाला होता.

आकार आला, खांडं आली, शेपटीला दोन भोकं आली. राहिला गंज. जन्मभर जोतीरामनं गंजाशी वैर केलं होतं. पावसाळ्यात हत्यारांना करडईचं तेल पाज, चुलीवर टांगून ठेव, राखेनं घास. आता तोच माणूस गंज पेरायला बसला. चिंच, मीठ, गुऱ्हाळावरची मळी आणि गाईचं मूत यांचा त्यानं काला केला, तलवारींना फासला, आणि सहाही उकिरड्यात पुरून वर शेण लोटलं. रोज सकाळी तो उकिरड्याशी उकिडवा बसून एक तलवार उपसून बघायचा. शेजाऱ्यांनी रंगूबाईला विचारलं. ती म्हणाली, "पिकाय घातल्यात."

पंधरा दिवसांनी तलवारी पिकल्या. धुतल्या, राखेनं घासल्या, चित्राशेजारी ठेवल्या. चित्रातल्या तलवारीच्या शेपटीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत तिकडच्या संग्रहालयाच्या नोंदीचा एक आकडा होता, तीनशे अठरा. तो का आहे हे जोतीरामला कळलं नाही, पण नमुन्यात होता. त्यानं चुन्यात काडी बुडवून सहाही तलवारींवर तीनशे अठरा घातलं.

मग घोंगडीवर सहाही ओळीनं मांडून तो बराच वेळ बसून राहिला.

"रंगू."

"काय वं?"

"ह्या झिजायच्या न्हाईत."

"का?"

"झिजून झाल्यात न्हवं का आदीच. आता ह्येंचं कोन काय करनार?"

तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की, शेपटीवर आपलं नाव घालावं. जागा होती. छिन्नी हाताशी होती. त्यानं छिन्नी उचलली, चित्राकडं पाहिलं, आणि खाली ठेवली. नमुन्यात नाव नव्हतं.

*

दादासोंनी तलवारी बघितल्या आणि ते खाली बसले.

"बापू, आवं ह्या मोडक्या हायती!"

"चित्र बगा," म्हणून जोतीरामनं पान पुढं केलं.

दादासोंनी ते हातात घेतलं. खांडाला खांड मोजलं. सहा तलवारींवर मिळून अठरा खांडं होती आणि अठराही जागच्या जागी होती. दादासोंनी चित्र उलटं करून पाहिलं, मागं साबणाची जाहिरात होती. नाटक परवावर आलं होतं.

"खणखणाट तरी हुतोय का?"

जोतीरामनं दोन तलवारी एकमेकींवर आपटल्या. गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. दादासोंचा चेहरा उजळला. उघड्या शेपट्यांना रुमाल गुंडाळायचं ठरलं आणि तलवारी पोत्यात भरून, स्कूटरवर आडव्या, सांगलीला गेल्या. जोतीराम आणि रंगूबाईला सातव्या रांगेतले दोन पास मिळाले.

हौशी नाटकाला प्रमुख पाहुणा लागतो. कलेक्टर मिळाले नाहीत, प्रांत मिळाले नाहीत, तेव्हा दादासोंनी साताऱ्याहून एक साहेब मिळवले. नाथाजी इंगवले, पुराणवस्तू नोंदणी निरीक्षक. त्या साली नवा कायदा लागू झाला होता. घरात, देवळात, कुठंही जुनी वस्तू असेल तर सरकारकडं नोंदवायची. इंगवल्यांनी इतिहासात एम.ए. केलं होतं आणि या नोकरीत ते मोठ्या आशेनं आले होते. आल्यापासून लोक त्यांच्यापुढं समया आणून ठेवत होते. आजीच्या समया, पणजीच्या समया, आणि एका माणसानं तर लग्नात आहेर आलेली समई चार महिने वापरून आणली होती. जुन्या गोष्टींवर इतकं प्रेम असलेल्या माणसाला इतक्या नव्या समया बघाव्या लागणं वाईटच.

पडदा वर गेला. सहा रोमन सैनिक आले. पहिला खणखणाट झाला. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानात दडा बसला की नाही ते कळलं नाही, पण पहिल्या रांगेतले इंगवले उठून उभे राहिले ते बसलेच नाहीत. मागच्यांनी "बसा खाली!" म्हणून ओरडा केला, तरी नाही. मध्यंतर होताच ते रंगमंचावर चढले, एका सैनिकाच्या हातातली तलवार घेतली, रुमाल सोडला, आणि तीनशे अठरा हा आकडा पाहून ती दिव्याखाली धरली.

"दादासो," ते म्हणाले, "ही कुठून आणली?"

"आष्ट्याच्या लोहाराकडनं."

"आणि लोहाराला कुठं सापडली?"

एवढ्यात जोतीराम सातव्या रांगेतून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या कामाची कुणीतरी चौकशी करत होतं. "साहेब!" तो ओरडला, "त्या मी केल्यात!"

इंगवल्यांनी त्याच्याकडं फार मायेनं पाहिलं. "बाबा, घाबरू नका," ते म्हणाले. "आजवर नोंदवल्या नाहीत म्हणून तुम्हाला शिक्षा होणार नाही."

सहाही तलवारी जागेवर ताब्यात घेतल्या गेल्या. तिसऱ्या अंकात लढाई होती आणि लढाईला हत्यार नव्हतं. दादासोंनी बाहेरच्या रसाच्या गाड्यावरून उसाच्या कांड्या आणवल्या. रोमचा शेवटचा सेनापती उसानं मेला. त्याच्या बाजूला आधीच मेलेला एक सैनिक पडल्या पडल्या कांडं सोलताना दिसला, तेव्हा नाट्यगृहात जी टाळी पडली तशी मंडळाला नऊ वर्षांत पडली नव्हती.

जोतीरामनं ते पाहिलं नाही. तो बाहेर पायरीवर बसून रंगूबाईला विचारत होता, "घाबरू नका म्हंजे काय गं? मी कवा घाबरलो?"

*

आठ दिवसांनी साताऱ्याहून हजर राहण्याची नोटीस आली. जोतीरामनं धुतलेलं धोतर नेसलं, पाट्याचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला आणि एसटीनं साताऱ्याला गेला.

कचेरी एका कापडदुकानाच्या माडीवर होती. जिन्यापासून समया लागल्या होत्या. आत टेबलावर सहा तलवारी पांढऱ्या कापसावर ठेवल्या होत्या, आणि इंगवले त्यांच्याकडं नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बापासारखे बघत बसले होते.

"बसा, बाबा. खरं सांगा, कुठं उकरल्या?"

"उकिरड्यातनं उकरल्या, साहेब. पर आदी मीच पुरल्या हुत्या."

"का पुरल्या?"

"गंज याय."

इंगवल्यांनी लिहिलं: मालकाने वस्तू काही काळ जमिनीत दडवून ठेवल्याचे कबूल केले.

जोतीरामनं फडकं सोडून तुकडा पुढं केला. "ह्यो बगा. ह्यो ट्रकचा पाटा. ह्येच्याच हायती त्या."

"बाबा, रोमन काळात ट्रक नव्हते."

"न्हवते."

"मग त्यांच्या तलवारी पाट्याच्या कशा असतील?"

जोतीरामनं यावर बराच विचार केला. यात काहीतरी चुकत होतं, पण ते नेमकं कुठं हे हाताला लागेना. "साहेब," तो म्हणाला, "रोम लांब हाय म्हनत्यात. तिथनं आष्ट्याला कशा येतील?"

हा प्रश्न इंगवल्यांना फार आवडला. "कोल्हापूरला पंचगंगेकाठी रोमन मूर्ती निघाली की नाही? निघाली. मग कृष्णेकाठी तलवार का निघू नये? व्यापारी येत होते, बाबा. त्यांच्याबरोबर रखवालदार येणारच. आणि हा आकडा बघा. सहाही तलवारींवर एकच. म्हणजे एकाच तुकडीतले शिपाई."

मग त्यांनी रजिस्टर त्याच्याकडं वळवून, बोट ठेवून वाचून दाखवलं. वस्तू, तलवार. नग, सहा. काळ, अंदाजे इसवी सन सत्तर. घडविणारा, अज्ञात रोमन कारागीर.

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे कोण होता ते कळत नाही."

"मी हितं बसलोय की, साहेब."

इंगवल्यांनी रजिस्टर परत आपल्याकडं वळवलं. खालून कापड फाडल्याचा आवाज आला.

"तलवारी ठेवा तुमी," जोतीराम म्हणाला. "मला नगंत. मोडक्या म्हना, जुन्या म्हना, रोमच्या म्हना. तेवड्या रकान्यात माजं नाव घाला. आजवर माजं कायबी उरलं न्हाई. ह्या तेवड्या उरल्यात, आन् त्याच्यावर तुमी अज्ञात लिवलंय." त्यानं तुकडा परत फडक्यात बांधला. गाठ नीट बसेना, म्हणून तो ती पुन्हा पुन्हा बांधत राहिला. "न्हाईतर आष्ट्याला या. तुमच्या डोळ्यादेखत सातवी करून दावतो. मग तर लिवाल?"

इंगवले भला माणूस होता. तो आला.

*

इंगवले सकाळच्या गाडीनं आले आणि ऐरणीशेजारच्या लाकडी ओंडक्यावर बसले. जोतीरामनं भाता ओढला. पाटा लाल झाला, मग पिवळा झाला. रंगूबाईनं पदर खोचून घण उचलला. साहेबांनी पाय आत घेतले.

दुपारपर्यंत सातवी तलवार उभी राहिली होती, नवी, सरळ, सुंदर. इंगवल्यांना वाटलं, संपलं. तर जोतीरामनं छिन्नी घेतली.

"आता काय?"

"आता त्यो सरपान फोडनार."

"कोण?"

"हिचा मालक. डावरा हाय. ह्या अंगानं हानतोय." आणि त्यानं डाव्या हातानं, जराशा तिरक्या, कंटाळलेल्या माणसाच्या हातानं घाव घातला. खांड पडलं. मग दुसरं, मग तिसरं. कानशीनं एका बाजूची धार जास्त खाल्ली, दुसरीला कंटाळा केला. टोक ऐरणीच्या कडेवर ठेवून उडवलं. "हितं घसरून पडला आसंल. पानी हुतं वाटतं."

इंगवल्यांनी पुस्तकांतून कितीतरी रोमन वाचले होते. सम्राट वाचले होते, सेनापती वाचले होते. त्यातल्या एकाही पुस्तकात पाण्यावरून घसरून पडलेला आणि थंडी वाजते म्हणून तलवारीनं लाकडं फोडणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. तो आष्ट्यात भेटला.

रंगूबाईनं चहा आणून दिला. ते कप हातात धरून बसले आणि चहावर साय आली.

"बापू," ते म्हणाले. सकाळपर्यंत बाबा होते, आता बापू झाले. "तुम्हीच केल्यात."

"मी कवाधरनं सांगतोय?"

"माझा अहवाल वर गेला हो. अभिनंदनाचं पत्र आलंय मला. चार ओळींचं आहे, पण टाईप केलेलं. बायकोनं ते काचेत लावलंय." त्यांनी सायीकडं बघत कप खाली ठेवला. "आता परत समया."

जोतीरामनं छिन्नी खाली ठेवली. नाव तर त्याला हवं होतं, पण समोरच्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. "पत्र राहू दे की साहेब काचंत," तो म्हणाला. "आमी कुटं काडा म्हनतोय?"

"नाही. चूक ती चूक. ही सातवी घेऊन मी स्वतः वरच्या कचेरीत जातो. सातही शेजारी शेजारी ठेवतो. डोळे असलेल्या माणसाला कळेल."

पंधरा दिवस सातवी उकिरड्यात पिकली. इंगवले ती न्यायला आले तेव्हा वर तीनशे अठरा हा आकडाही होता. ते म्हणाले, हा तरी नको होता. जोतीराम म्हणाला, नमुन्यात हाय.

*

चार दिवसांनी इंगवले पुन्हा आष्ट्यात उतरले ते रिकाम्या हातानं. आले आणि त्याच ओंडक्यावर बसले. रंगूबाईनं आधी पाणी दिलं आणि मग विचारलं.

"काय झालं?"

"सातही शेजारी शेजारी ठेवल्या," इंगवले म्हणाले. "वरच्या साहेबांनी भिंग लावून दोन तास बघितल्या. मी सांगितलं, साहेब, सातवी माझ्या डोळ्यांदेखत केली आहे. ते म्हणाले, इंगवले, ही इतर सहांशी तंतोतंत जुळते का? म्हटलं, जुळते. ते म्हणाले, त्या सहा अस्सल आहेत हे ठरलेलं आहे का? म्हटलं, ठरलेलं आहे, पण चुकीचं. ते म्हणाले, ठरलेलं आहे का नाही तेवढं सांगा. म्हटलं, आहे. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, सातवीबद्दल पुन्हा अभिनंदन."

"म्हंजे?"

"नग सात. घडविणारा, अज्ञात रोमन कारागीर. शिक्का बसला."

जोतीरामनं भाता सोडला. विस्तवावर हळूहळू राख चढू लागली. बाहेर कुणी तरी विळा घेऊन आलं होतं, त्याला रंगूबाईनं हातानंच उद्या ये म्हणून सांगितलं.

"मग माजं नाव न्हाईच."

"मी सगळे नियम वाचले, बापू. रात्रीचं जेवण सोडून वाचले. वस्तूचा काळ एकदा ठरला की तो बदलायचा अधिकार कुणालाच नाही. मंत्र्यालासुद्धा नाही. मात्र कारागिराचं नाव मागाहून कळलं, तर तो रकाना दुरुस्त करता येतो. त्याला अर्ज चालतो."

"मग करू की अर्ज!"

"अट आहे. कारागीर वस्तूच्या काळातला पाहिजे. इसवी सन सत्तरचा."

जोतीरामनं दोन्ही हात पालथे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. भाजल्याच्या खुणा होत्या, करंगळीचं नख नव्हतं. त्या हातांवर सालाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

रंगूबाई म्हणाली, "मग त्यात काय अडलंय?"

"काय अडलंय म्हणजे?"

"तलवारी ह्येंनी केल्यात, ह्ये तर खरं?"

"खरं."

"तलवारी एकुनीसशे वर्सांच्या हायत, ह्ये सरकार म्हनतंय. त्येबी खरं?"

"लेखी आहे."

"मग ह्येंचं वय चुकलंय," रंगूबाई म्हणाली. "त्ये दुरुस्त करून घ्या."

इंगवल्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग जोतीरामकडं पाहिलं. सगळे नियम वाचून काढलेल्या त्या माणसाला त्या बोलण्यात एकही फट सापडेना. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, ऐरण पुसून घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि खिशातलं पेन उघडलं.

"सांगा," ते म्हणाले. "नाही, थांबा. तुम्ही नुसते बसा. भाषा माझी असू द्या."

मा. सक्षम अधिकारी यांचे सेवेशी,

विषय : अर्जदाराच्या वयाची दुरुस्ती होऊन मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार जोतीराम लोहार, मु. पो. आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, आपणांस सविनय कळवितो की, आपल्या नोंदवहीतील तलवारी, नग सात, या मी स्वहस्ते घडविल्या असून त्याबाबत पंचासमक्ष खात्री झालेली आहे. सदर तलवारी इसवी सन सत्तरच्या असल्याचे शासनाने ठरविले असून त्याविषयी अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि ग्रामदप्तरी अर्जदाराचे वय सत्तावन्न लागले आहे. सदर वय शासनाच्या निर्णयाशी विसंगत असल्याने ते चुकीने लागले असावे.

सबब, अर्जदाराचा जन्म इसवी सन पन्नासचे सुमारास झाला असल्याची नोंद घेण्यात यावी. नक्की साल ठरविणे अडचणीचे असल्यास तलवारींच्या काळामागे किमान वीस वर्षे धरावीत, कारण त्याआधी अर्जदाराचे वडील छिन्नी हातात देत नसत. त्यानुसार "घडविणारा" या रकान्यातील "अज्ञात" हा शब्द रद्द करून तेथे अर्जदाराचे नाव लिहिण्यात यावे. "रोमन" हा शब्द तसाच ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही.

तसेच सदर सातही तलवारींवर घण अर्जदाराची पत्नी सौ. रंगूबाई हिने मारलेला असल्यामुळे तिच्या वयाचीही दुरुस्ती सोबतच व्हावी. मात्र ती अर्जदारापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे, याची दुरुस्ती करताना कृपया विशेष काळजी घ्यावी, ही नम्र विनंती.